चारशे तीन शून्यं

लिंटा कुर्याकोसला संशोधनाची ओढ वगैरे काही नव्हती. तिला कोचिंग क्लास चुकवायचा होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ती जे काही करते ते पाहून एखाद्याला वाटायचं, की ही पोर वही-पेन्सिल घेऊनच जन्माला आली असावी. तसं काही नाही. तिच्या वडिलांची, म्हणजे कुर्याकोस अप्पच्चनची, चंगनाशेरीत बेकरी. बेकरीतल्या माणसाला जग दोनच प्रकारचं दिसतं, भाजलेलं आणि कच्चं. मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला पोचली तरी त्यांच्या लेखी ती कच्चीच होती.

"एमबीबीएस म्हणजे नुसतं पीठ भिजवलं, मोळे," ते फोनवर सांगायचे. मोळे म्हणजे पोरी. "भट्टीत जायचं ते पीजीलाच. कोट्टयमच्या क्लासमध्ये जागा धरून ठेवलीय. दर रविवारी, सकाळी सात ते संध्याकाळी पाच."

नाताळ आटोपून लिंटा कॉलेजात परतली, तर नोटीस लागलेली. संशोधनाची उमेदवारी, आठ आठवडे. चोवीस विद्यार्थी, प्रत्येकाला एक मार्गदर्शक. शेवटी समितीपुढे आठ मिनिटं बोलायचं. त्यातून चार जणांना मार्गदर्शकाकडे आणखी वर्षभर काम करायला मिळणार, सुट्टीच्या दिवशी. सुट्टीचा दिवस म्हणजे रविवार, हा हिशेब लिंटाने नोटीस पुरती वाचून व्हायच्या आत केला.

मग बापलेकीचा तह झाला.

"चारात आले तर क्लास नाही," लिंटा म्हणाली.

"चारात आलीस तर मी क्लासवाल्याला नाही म्हणेन. नाही आलीस तर तू मला नाही म्हणायचं नाही."

"कबूल."

"या संशोधनात मार्क किती असतात?"

"मार्क नसतात, अप्पच्चन."

"मग तू चारात आलीस हे त्यांना कळणार कसं?" कुर्याकोसनी विचारलं. प्रश्न काही वावगा नव्हता.

मार्गदर्शक म्हणून वाट्याला आल्या डॉ. तंकमणी. सार्वजनिक आरोग्य विभागात त्यांची तीस वर्षं झालेली. कॉलेजात त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, त्या कुणाला 'चुकलं' म्हणत नाहीत. दोन, त्या 'मोज' म्हणतात, आणि ते 'चुकलं'पेक्षा महागात पडतं. पहिल्या दिवशी त्यांनी लिंटाला समोर बसवलं, डायलचं बीपी मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि कामाला सुरुवात केली.

"डॉक्टर समोर आला की माणसाचं बीपी चढतं म्हणतात. ऐकलंयस?"

"हो, मॅडम."

"आपल्याकडच्या लोकांचं किती चढतं?"

"ते... पुस्तकात..."

"पुस्तकात कोच्चुतुरुत्तीचे लोक नाहीत. मोजून आण."

कोच्चुतुरुत्ती म्हणजे कॉलेजपासून बोटीनं पाऊण तासावरचं बेट. नारळ, बदकं, काथ्याची सोसायटी आणि एक आरोग्य उपकेंद्र. आखणी साधी होती. बेटावरच्या आशा सेविका अजिता चेची, म्हणजे अजिताताई, घरोघर जाऊन बीपी घेणार. त्याच आठवड्यात तीच माणसं उपकेंद्रात येणार, तिथे पांढरा कोट घालून लिंटा घेणार. एकीचे आकडे दुसरीला दिसायचे नाहीत. शेवटी वजाबाकी.

पहिले दोन दिवस लिंटा मन लावून मोजत होती. नंतर हात बसला. लोकही खूश होते. डॉक्टर मोळे झटपट काम करते, पट्टा बांधला की सुटलाच, असं नाव झालं. अजिता चेची एका घरात जेवढा वेळ लावायची तेवढ्यात लिंटा चार माणसं उरकायची. पाचव्या आठवड्याच्या शेवटी चारशे बारा माणसं झाली आणि शनिवारी दुपारी, जेवण अर्धं टाकून, तिने वजाबाकी केली.

उत्तर पाहून ती ताटावरून उठलीच. हात न धुता उठली, असं मेसमधल्या बायका अजून सांगतात.

"मॅडम! चढतं!" दारातूनच तिनं सांगितलं. "तीन पूर्णांक नऊनं चढतं! घरी कमी, माझ्यासमोर जास्त. सगळ्या वयात. बाया, बाप्ये, सगळ्यांत तेवढंच!"

"छान," तंकमणी मॅडम म्हणाल्या. "चहा घेतेस?"

"मॅडम, चारशे बारा माणसं आहेत!"

"म्हणूनच विचारते. दमली असशील." त्यांनी दोन्ही वह्या ओढून घेतल्या, पानं उलटली, चष्मा कपाळावर चढवला आणि खाली घेतला. "सगळ्यांत तेवढंच? म्हाताऱ्यांत, तरण्यांत, घाबरटांत, निर्ढावलेल्यांत?"

"हो ना! तेच तर भारी आहे!"

"फारच भारी आहे. माणसं अशी एका मापानं घाबरतात हे मला माहीत नव्हतं. आता एक कर. दोघींच्या वरच्या बीपीचा नुसता शेवटचा आकडा मोज. शून्य किती, दोन किती, चार किती. डायलवर खुणा दोन-दोनच्या आहेत, त्यामुळे पाच खणांत काम भागेल."

'मोज' हा शब्द लिंटाच्या कानावर पडला. पण उत्साहाच्या भरात तिनं त्याकडे काणाडोळा केला. ती तिथेच खाली बसली आणि खुणा करत गेली. आधी अजिता चेचीची वही. शून्य चौऱ्याऐंशी, दोन एकोणऐंशी, चार पंच्याऐंशी, सहा एक्क्याऐंशी, आठ त्र्याऐंशी. पाचही खण साधारण सारखे.

"हे बघा, मॅडम, चेचीचे आकडे कसे वेडेवाकडे आहेत. एकशे चौतीस, एकशे सव्वीस. मला तर वाटतं ती मनानंच..."

"वाटणं नंतर. तुझी वही मोज."

लिंटाच्या वहीतला पहिला खण भरला. तो ओसंडला म्हणून शेजारच्या जागेत खुणा गेल्या, मग मागच्या पानावर. बाकीचे चार खण मिळून नऊ खुणा. त्या नऊही पहिल्या दोन दिवसांच्या. उरलेले सगळे आकडे शून्यावर संपत होते.

चारशे तीन शून्यं.

"तू जवळचं शून्य धरतेस की वरचं?" मॅडमनी अगदी सहज विचारलं, भाजी निवडताना विचारावं तसं.

"वरचं," लिंटाचा आवाज निम्मा झाला. "पेशंटच्या भल्यासाठी. काही सुटायला नको म्हणून."

"म्हणजे दोनला आठ जोडलेस, चारला सहा, सहाला चार, आठला दोन, आणि शून्याला काही नाही. वीस झाले. पाचांनी भाग."

"चार."

"आणि तुझा शोध कितीचा आहे?"

 चहा आला होता, तो लिंटानं गरमच पिऊन टाकला आणि जीभ भाजून घेतली. माणसं घाबरली नव्हती. कोट पाहून कुणाचंच काही चढलं नव्हतं. चढवलं होतं ते तिनं, पेननं, आणि सगळ्यांचं सारखंच.

"सोमवारी कोट्टयमला जाते," ती म्हणाली. "क्लासमध्ये."

"सोमवारी क्लास नसतो. सोमवारी तू कोच्चुतुरुत्तीला जातेस. तुझ्या वहीत एकशे चाळीस किंवा त्याहून जास्त असलेले किती जण तू पुढच्या तपासणीच्या यादीत घातलेस?"

"एकसष्ट."

"त्यातले अजिताच्या वहीत एकशे चाळीसच्या खाली किती?"

सव्वीस होते.

"त्या सव्वीस घरी जाऊन सांगायचं. चिठ्ठी नाही, अजिताकरवी निरोप नाही. तू स्वतः. बीपी पुन्हा घ्यायचं, तीनदा, सावकाश, आणि आधी काय चुकलं ते सांगायचं." त्यांनी पहिल्यांदाच तो शब्द वापरला आणि वापरून झाल्यावर चहाचा कप लिंटापुढे पुन्हा भरला.

सोमवारी बोटीतून उतरताना लिंटाची मान खाली होती. धक्क्यावर अजिता चेची उभी. तिला मॅडमनी सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती चौकशी न करता सरळ पुढे चालू लागली.

"चेची, तुम्ही कशी घेता बीपी ते मला दाखवा."

"अय्यो, डॉक्टरला मी दाखवू?"

"दाखवा ना."

अजिता चेचीनं स्वतःच्या सासूला ओसरीवर बसवलं. पाच मिनिटं नुसतं बसवलं, बोलू दिलं नाही, आणि त्या म्हातारीला न बोलता बसवणं हेच मोठं काम होतं. मग पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि हवा इतकी सावकाश सोडली की काटा एकेका खुणेवर टेकत टेकत उतरला. काट्यावरून तिची नजर हलली नाही. एकशे बावीस.

"असंच शिकवलं होतं ना मॅडमनी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही शिकवलं?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"मग आम्ही वॉर्डात गेलो."

वॉर्डात पहिल्याच आठवड्यात लिंटानं एकशे अठ्ठावीस लिहिलं होतं. तिथल्या इंटर्ननं कागद पाहून विचारलं होतं, "एकशे अठ्ठावीस? कविता करतेस का? एकशे तीस लिही आणि पुढच्या खाटेवर चल." सगळे हसले होते. लिंटाही हसली होती. त्यानंतर तिनं कविता केली नाही.

सव्वीस घरांतलं चौथं घर पैली चेट्टनचं, म्हणजे पैलीदादाचं. बासष्ट वर्षांचा होडीवाला. तो दारातच उभा होता आणि त्याची बायको त्रेस्या त्याच्यामागे.

"आलीस? ये. माझा मासा परत दे आधी," पैली म्हणाला.

"कसला मासा?"

"सुका मासा! आणि कैरीचं लोणचं! तू एकशे चाळीस म्हणालीस त्या दिवसापासून ही बाई मला गुरासारखं अळणी घालतेय. पेज आणि पेज. मी काय बाळंत झालोय?"

लिंटानं त्याला पाच मिनिटं बसवलं. ती पाच मिनिटं सगळ्यांनाच जड गेली. मग तीनदा मोजलं, हवा सावकाश सोडत. एकशे चौतीस. एकशे बत्तीस. एकशे चौतीस.

"माझी चूक झाली, चेट्टन. तेव्हाही चौतीसच असणार. मी वरचं शून्य लिहिलं."

 पैली बायकोकडे वळला. "ऐकलंस? सहा आकड्यांसाठी माझा मासा गेला!"

"मीठ कमीच बरं असतं, पण..." लिंटा सांगू लागली.

"डॉक्टर मोळे, तू आता गप्प बस. तुझं बोलणं मला महागात पडतं."

त्रेस्या हसून हसून दाराला टेकली. पण लिंटा हसत नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी धावत सुटलं होतं. दहावीला गणितात एकदा नापास झालेल्या अजिता चेचीला काटा दिसतो. आपल्याला दोन वर्षांपूर्वी दिसत होता, आता दिसत नाही. मग इंटर्नला? पीजीवाल्यांना? प्रोफेसरांना? तिनं पट्टा पिशवीत कोंबला आणि ओसरीवरूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम! हे वरच्या पायरीला वाढत जातं का? म्हणजे दुसऱ्या वर्षाला कमी शून्यं, तिसऱ्याला जास्त, वर वर आणखी जास्त? कुणी मोजलंय का आपल्या कॉलेजात?"



"उरलेली घरं किती?" मॅडमनी विचारलं.

"बावीस."

"ती आधी संपव. मग ये, पळत ये. आणि परवानगी मिळेपर्यंत कॉलेजात कुणाच्याही दंडाला हात लावायचा नाही. नीतिसमिती गुरुवारी बसते."

त्या आठवड्यात लिंटाचं वजन दीड किलोनं घटलं असावं, अर्थात हा अंदाज आहे, मोजलेलं नाही. बावीस घरं बुधवारी संपली. एकानं तिला हाकललं, दोघांनी उकडलेला काप्पा कंद आणि माशाची आमटी खायला घातली, एका आजीनं सगळं ऐकून घेऊन शेवटी 'म्हणजे आता गोळी मिळणार नाही का' असं निराश होऊन विचारलं. गुरुवारी समितीनं परवानगी दिली, दोन अटींवर. कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त पायरी. आणि बीपी घेण्याच्या पद्धतीचा अभ्यास चाललाय हे प्रत्येकाला आधी सांगायचं, भाग घ्यायचा की नाही ते त्यानं ठरवायचं.

"शेवटचा आकडा मोजतोय हेही सांगायचं?" लिंटानं मॅडमना विचारलं.

"सगळं झाल्यावर सांगायचं. आधी सांगितलंस तर सगळेच अजिता होतील."

तीन स्वयंसेवक खुर्च्यांवर बसले. दुसऱ्या वर्षापासून पीजीपर्यंत पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीवरचे वीस जण, प्रत्येकानं तिघांचं बीपी घ्यायचं. पायरीमागे साठ नोंदी. सगळं नीट पाहून लिहिलं तर साठात बारा शून्यं यायला हवीत. पहिल्या दिवशी दुसऱ्या वर्षाची सोळा आली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाची एकतीस. लिंटा आकडा फळ्यावर लिहायची आणि दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघायची, जसे तिचे वडील नव्या केककडे बघतात. शेवटच्या वर्षाची अडतीस. इंटर्नची एकोणपन्नास! पीजीची बावन्न!

"मॅडम, एकही पायरी चुकत नाहीये!"

"ओरडू नकोस, प्रोफेसर यायचेत अजून."

प्रोफेसरांपैकी अकरा जण आले. तेहतीस नोंदी, एकतीस शून्यं. उरलेल्या दोन पाहून लिंटानं कागद डोळ्यांजवळ नेला. त्या पाचवर संपत होत्या. डायलवर पाचची खूणच नाही. तंकमणी मॅडमनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं आणि इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतला कारकून दारात येऊन उभा राहिला.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी समिती बसली. अध्यक्ष डॉ. बालगोपालन, मेडिसिनचे प्रमुख. एका पेशंटचं बीपी घेताना पुढच्या पेशंटचा कागद वाचणारे म्हणून ख्यातनाम. लिंटाच्या आधीच्या विद्यार्थ्यानं डासांच्या अळ्यांचे सुंदर रंगीत फोटो दाखवले होते. लिंटाच्या पहिल्या चित्रात एकच उंच खांब होता.

"या माझ्या नोंदी," ती म्हणाली. "चारशे बारापैकी चारशे तीन शून्यावर. त्यामुळे माझा पहिला निष्कर्ष खोटा ठरला, आणि सव्वीस माणसं विनाकारण यादीत गेली. त्यांच्या घरी जाऊन आले आहे."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या रांगेतून कुणीतरी 'गेली ही' म्हणालं, तेही तिला ऐकू आलं. कोट्टयम दिसू लागलं. मग तिनं जिना दाखवला, साठात सोळापासून तेहतीसात एकतीसपर्यंत, आणि कुजबुज थांबली. प्रत्येकजण आपापली पायरी शोधत होता.

"म्हणजे," बालगोपालन सावकाश म्हणाले, "या कॉलेजात जितकं जास्त शिकावं तितकं कमी दिसतं, असं तुझं म्हणणं आहे?"

"माझं नाही, सर. तीनशे तेहतीस नोंदींचं."

"त्या पाचवर संपणाऱ्या दोन कुणाच्या?"

"नावं लिहिलेली नाहीत, सर."

"तरी विचारतो. कारण त्यातली एक माझी आहे."

सभागृह फुटलं. बालगोपालननी हात वर करून हसणं थांबवलं, पण स्वतःचं थांबवायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते पुढे वाकले. "मूळ प्रश्न. डॉक्टरसमोर बीपी चढतं का?"

"माझ्या नोंदींवरून सांगता येणार नाही."

"आठ आठवडे गेले आणि सांगता येणार नाही?"

"पुन्हा मोजावं लागेल, सर. चारशे बारा माणसं, हवा सावकाश सोडून. अजिता चेचीनं मला तयार करावं, आणि माझ्या दर वीस नोंदींचे शेवटचे आकडे मॅडमनी तपासावेत. तशी आखणी शेवटच्या पानावर आहे." तिचा श्वास चढला होता आणि हे सगळं तिनं भीतीपेक्षा घाईनं सांगितलं, बोट सुटत असल्यासारखं. "सर, त्या दोन वह्यांत उत्तर नाही, पण बेटावर आहे. मला ते हवंय."

दुपारी दारावर चार नावं लागली. तिचं तिसरं होतं. तंकमणी मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या 'अभिनंदन' म्हणाल्या नाहीत. "आजच्या चारच्या बोटीनं जा. अजिताला विचार, ती तुला किती दिवसांत तयार करू शकेल," एवढंच म्हणाल्या आणि हसू लपवायला नाक पुसलं.

लिंटानं धक्क्याकडे पळता पळता फोन लावला.

"अप्पच्चन, चारात आले!"

"कितवी?"

"नंबर नसतात. पुन्हा पहिल्यापासून मोजायला दिलंय. चारशे बारा!"

"पुन्हा? पहिलं करपलं म्हणून?"

"पूर्ण करपलं होतं."

"आम्ही करपलेली भट्टी गुपचूप काढून टाकतो. गिऱ्हाइकाला कळू देत नाही."

"मी सव्वीस गिऱ्हाइकांना घरी जाऊन सांगितलं."

पलीकडे बेकरीतला आवाज येत राहिला, ट्रे सरकवल्याचा, कुणीतरी पफ मागितल्याचा. 

"आणि तरी घेतलं तुला?" अखेर कुर्याकोसनी विचारलं.

"घेतलं! अप्पच्चन, ठेवते, बोट भोंगा देतेय!"

"अगं थांब, त्या क्लासवाल्याला मी काय कारण सांगू?"

"सांगा की तिला वेळ नाही!" असं ओरडून लिंटानं बोटीत उडी मारली.